गाणं सगळ्यांचं, गोष्ट कुणाची?

लग्नसराईत सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात वरात निघाली की ‘झिंगाट’ वाजतंच. २०१६ च्या उन्हाळ्यात वाजत होतं, अजूनही वाजतं. ट्रॉलीवर रचलेले डीजेचे बॉक्स, मागं जनरेटरची धडधड, पुढं घामानं निथळणारी पोरं, फेटा सावरत मधे ओढला गेलेला नवरदेवाचा मामा, कडेला पदर तोंडाला लावून हसणाऱ्या बायका. हे गाणं लागलं की नाचायला कुणाला बोलवावं लागत नाही. आता त्या लग्नाकडे जरा नीट पाहा. स्थळ जातीच्या वधू-वर मेळाव्यातून आलेलं असतं. देवक, कूळ, सोयरसंबंध सगळं तपासून झालेलं असतं. ‘पोरगी हाताबाहेर जायला नको’ म्हणून बारावीनंतर तिचं कॉलेज बंद केलेलं असण्याचीही बरीच शक्यता असते. आणि नाच ज्या गाण्यावर चाललाय ते ज्या चित्रपटातलं आहे, त्यात जातीबाहेर लग्न केलेल्या पोरीला आणि तिच्या नवऱ्याला तिच्या माहेरची माणसं येऊन मारतात. त्यात तिचा सख्खा भाऊ असतो.

या विसंगतीवर आजवर पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली. त्या बोलण्यात साधारण दोन बाजू असतात. पहिली बाजू म्हणते, गाण्यांनी ‘सैराट’चा घात केला, जातीच्या क्रौर्याबद्दलचा चित्रपट लोकांनी नाचून घालवला. दुसरी म्हणते, गाणी होती म्हणून तर तो खेड्यापाड्यांतल्या माणसांपर्यंत पोचला. नाहीतर त्याच दिग्दर्शकाच्या ‘फँड्री’सारखी वाहवा झाली असती आणि गर्दी बेताचीच राहिली असती. दोन्ही बाजू एकमेकींशी भांडतात, पण दोघींचं गृहीतक एकच आहे: लोकांना चित्रपट नीट ‘कळला’ तर लोक वेगळे वागतील. मला हे गृहीतकच खोटं वाटतं. ‘झिंगाट’वर नाचणाऱ्याला शेवट ठाऊक असतो. थिएटरात तो रडलेलाही असतो. त्याला न कळलेलं असं काही शिल्लक नाही. त्याला सगळं कळतं, आणि तरी तो मध्यंतरापर्यंतचाच चित्रपट घरी घेऊन येतो. हा अडाणीपणा नव्हे, ही निवड आहे. एवढं मान्य केलं की या गाण्यांच्या यशापयशाचा हिशेब वेगळ्या वहीत मांडावा लागतो.

आधी ही गाणी कशी झाली ते पाहू. दिग्दर्शक नागराज मंजुळे सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. ‘पिस्तुल्या’ हा लघुपट, मग ‘फँड्री’, मग ‘सैराट’ हा त्यांचा क्रम. ‘फँड्री’च्या वेळी संगीतकार अजय-अतुल यांनी त्यांच्यासाठी एक गाणं केलं होतं आणि ते गाजलंही होतं, पण ते प्रसिद्धीपुरतं. चित्रपटात ते नव्हतंच. आतलं पार्श्वसंगीत अलोकनंदा दासगुप्ता यांचं होतं. म्हणजे गाण्यानं माणूस थिएटरच्या दारापर्यंत आणायचा आणि आत त्याला गाण्याशिवाय बसवायचं, अशी ती विभागणी होती. ‘सैराट’मध्ये हीच विभागणी चित्रपटाच्या पोटात गेली. ‘याड लागलं’, ‘आताच बया का बावरलं’, ‘सैराट झालं जी’ आणि ‘झिंगाट’ ही चारही गाणी मध्यंतराच्या अलीकडे संपतात. ‘झिंगाट’ नायिका आर्चीच्या भावाच्या वाढदिवसाला वाजतं आणि त्याच रात्री ती आणि तिचा प्रियकर परश्या पकडले जातात. तिथून पुढं हैदराबादची झोपडपट्टी, डोशाची गाडी, बाटल्यांच्या कारखान्यातली नोकरी, संशय, उचललेला हात, समजूत, बाळ. या सगळ्या काळात कुणी गात नाही. शेवटी तर दिग्दर्शक आवाजच काढून घेतो.

संगीताचा अल्बम मात्र वेगळी वस्तू असतो. त्यात दुसरा अर्धा नसतो. चार गाणी, चारही उमलण्याची, धुंदीची, उड्या मारण्याची. थिएटरात ज्या आनंदाची किंमत पुढं वसूल होते, तोच आनंद अल्बममध्ये फुकट मिळतो. २९ एप्रिल २०१६ ला चित्रपट लागायच्या आधीच ही गाणी मोबाइलमधून मोबाइलमध्ये गेली होती. म्हणून ‘सैराट’ नावाच्या दोन कलाकृती आहेत असं म्हणणं योग्य होईल: एक पूर्ण, ती पडद्यावर, दुसरी अर्धी, ती डीजेवर.

असं घडणारी ही पहिली कलाकृती नव्हे. १९२८ मध्ये बर्लिनमध्ये बर्टोल्ट ब्रेख्त आणि संगीतकार कुर्ट वाइल यांचं ‘थ्री पेनी ऑपेरा’ आलं. पैसेवाला आणि दरोडेखोर यांच्यात फरक तो किती, असा त्याचा सूर. पैसेवाले प्रेक्षकच ते पाहायला लोटले आणि त्यातली गाणी गुणगुणत घरी गेले. पन्नास वर्षांनी, १९७८ मध्ये, पु. ल. देशपांडे यांनी केलेलं त्याचं मराठी रूपांतर ‘तीन पैशाचा तमाशा’ थिएटर अकादमीनं रंगमंचावर आणलं. दिग्दर्शक होते जब्बार पटेल; जन्म पंढरपूरचा, शालेय शिक्षण सोलापुरात. संगीत भास्कर चंदावरकर यांचं. आणि नायक अंकुशच्या भूमिकेत त्यांनी उभा केला नंदू भेंडे, मुंबईत इंग्रजी रॉक गाणारा, अलेक पदमसींच्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’मध्ये ज्यूडस झालेला गायक. मराठी रंगभूमीवर ढोलकी आणि रॉक एका गोष्टीत नांदले ते तेव्हा. पण मूळ नाटकाच्या नशिबी जे आलं ते या जातीच्या प्रत्येक कलाकृतीच्या वाट्याला येतं. वाइलच्या त्यातल्या खुन्याच्या गाण्याला पुढं अमेरिकेत लुई आर्मस्ट्राँग आणि बॉबी डॅरिन यांनी जॅझ आणि पॉपच्या दुनियेत नेऊन बसवलं. खुन्याचं गाणं मेजवानीचं गाणं झालं.

याहून जवळचं उदाहरण मात्र रॉकमधलंच आहे. अमेरिकेत ऐंशीच्या दशकात मोठ्या कंपन्यांच्या चकचकीत रॉकला विटलेल्या तरुणांनी कॉलेजांची रेडिओ केंद्रं आणि छोट्या रेकॉर्ड कंपन्या यांच्या आधारानं आपलं वेगळं संगीत उभं केलं. ते पुढं अल्टरनेटिव्ह रॉक म्हणून ओळखलं गेलं. त्यातला ‘निर्वाणा’ हा बँड वॉशिंग्टन राज्यातल्या अ‍ॅबरडीन या, लाकूडतोडीवर जगणाऱ्या आणि तो धंदा बसत चाललेल्या गावातून आला. त्यांनी १९९१ मध्ये ‘नेव्हरमाइंड’ ध्वनिमुद्रित केला तो लॉस एंजेलिस परिसरातल्या साउंड सिटी स्टुडिओत. निर्माता बुच विग. नंतर कंपनीच्या सल्ल्यानं मिक्सिंग अँडी वॉलेसकडे गेलं आणि आवाजाला तुकतुकी आली. २४ सप्टेंबर १९९१ ला अल्बम निघाला. पहिल्या खेपेला कंपनीनं अमेरिकेत पन्नास हजारांच्या आतच प्रती पाठवल्या होत्या. जानेवारी १९९२ मध्ये त्यानं मायकेल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला अमेरिकी यादीच्या पहिल्या जागेवरून खाली उतरवलं.

मग बँडचा गायक कर्ट कोबेन याची झोप उडाली. शाळेत ज्या दांडगट पोरांनी त्याला छळलं, तशीच पोरं त्याच्या कार्यक्रमांना पुढच्या रांगेत येऊ लागली. अर्थाशी देणंघेणं नसलेल्या चाहत्याची टर उडवणारं एक गाणं त्यानं त्याच अल्बममध्ये करून ठेवलं होतं. ते चाहतेच ते गाणं घसा फोडून म्हणू लागले. याहून भयंकर गोष्ट वेगळीच. ‘पॉली’ हे गाणं त्यानं एका बलात्काराच्या बातमीवरून, त्या क्रौर्याविरुद्ध केलं होतं. दोन तरुणांनी तेच गाणं म्हणत एका मुलीवर बलात्कार केल्याचं त्याच्या कानावर आलं. डिसेंबर १९९२ मध्ये निघालेल्या ‘इन्सेस्टिसाइड’ या संग्रहासोबतच्या मजकुरात त्यानं हे लिहिलं, आणि समलिंगी माणसांचा, वेगळ्या वर्णाच्या माणसांचा, बायकांचा तिरस्कार करणाऱ्यांनी आमच्या कार्यक्रमांना येऊ नका, आमच्या रेकॉर्डी घेऊ नका, अशी विनंती केली. ‘नेव्हरमाइंड’चा गुळगुळीतपणाही त्याला खुपत होताच. फेब्रुवारी १९९३ मध्ये बँड मिनेसोटातल्या एका आडबाजूच्या स्टुडिओत गेला. ध्वनिमुद्रणाला स्टीव्ह अल्बिनी होता. विक्रीतला वाटा नको, प्लंबरसारखी कामाची मजुरी द्या, असं म्हणणारा. ‘इन युटेरो’ जाणूनबुजून खरखरीत झाला. कंपनी नाराज झाली, दोन गाणी दुसऱ्याकडून पुन्हा मिक्स करवून घेतली. सप्टेंबर १९९३ मध्ये अल्बम निघाला आणि थेट पहिल्या क्रमांकावर गेला. नको असलेला श्रोता खरखरीतपणालाही भ्याला नाही.

कोबेनची धडपड दोन समजुतींवर उभी होती. चुकीच्या श्रोत्याला अर्थ समजावून सांगितला तर तो सुधारेल किंवा निघून जाईल, ही एक. आवाज कडू केला तर गाळणी लागेल, ही दुसरी. दोन्ही समजुती फोल ठरल्या. मंजुळे यांचा उपाय अधिक हुशारीचा होता. त्यांनी श्रोत्याला रागावलं नाही, आवाजही कडू केला नाही. गोड आवाज पोटभर दिला आणि मग तो बंद केला. थिएटरात हा उपाय जबरदस्त चालला. ‘झिंगाट’ला पडद्यासमोर नाचणारी गर्दी शेवटी मुकाट बाहेर पडत होती. पण थिएटरच्या भिंतीबाहेर दिग्दर्शकाचा हात पोचत नाही. वरातीत मध्यंतरानंतरचा भाग कुणी लावत नाही.

समाजानं ही वाटणी किती बेमालूम करून ठेवली ते दोन जागी दिसतं. गाण्यांचं नाव लग्नाच्या यादीत गेलं. चित्रपटाचं नाव वर्तमानपत्रांच्या गुन्हेवृत्तांत गेलं. जातीबाहेर लग्न केलेल्या पोरीचा, जावयाचा खून झाला की मथळ्यात ‘सैराट’ येऊ लागलं. दोन्ही गोष्टी एकाच घरात, एकाच दिवशी पोचतात. आनंद एका खणात, रक्त दुसऱ्या खणात. हे न कळलेल्या माणसांचं काम नव्हे. खण चुकू नये इतकं ज्याला नीट कळलंय तोच असं करू शकतो.

आणि हे रक्त काल्पनिक नव्हतं. करमाळा तालुक्याच्या उत्तरेला लागूनच अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा. त्यातल्या खर्डा गावात २८ एप्रिल २०१४ रोजी सतरा वर्षांच्या एका दलित मुलाचा खून झाला. वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो, असा त्याच्यावर राग होता. ‘सैराट’ पडद्यावर आला त्याच्या आदल्या दिवशी या खुनाला दोन वर्षं झाली होती. चित्रपट गाजला, १०० कोटींच्या घरात गेला, गाणी घरोघर झाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये या खटल्याचा निकाल लागला. साक्षीदार फिरले होते. आरोपी निर्दोष सुटले. ‘सैराट’नं महाराष्ट्राला हलवलं असं आपण म्हणतो तेव्हा हे लक्षात ठेवलेलं बरं. रडणं आणि साक्ष देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रडायला अंधार मिळतो. साक्ष द्यायला गावासमोर उभं राहावं लागतं.

मग गाण्यांनी काहीच केलं नाही का? केलं. पण ते शोधायला वरातीतल्या पाहुण्यांकडे नव्हे, दुसऱ्या टोकाला पाहावं लागतं.

‘याड लागलं’ एकदा डोळे मिटून ऐका. तंतुवाद्यांचा तो प्रचंड ताफा लाटेसारखा उठतो आणि त्याच्यावर अजय गोगावले यांचा रानातून हाक मारल्यासारखा आवाज येतो. हा वाद्यमेळ सिंथेसायझरवरचा नाही. लॉस एंजेलिसजवळच्या कल्व्हर सिटीत, एमजीएमच्या जुन्या आवारात जो भव्य ध्वनिमुद्रणाचा हॉल आहे, ज्यात १९३९ च्या ‘विझर्ड ऑफ ओझ’चं संगीत नोंदलं गेलं, त्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर अजय-अतुल यांनी तिथल्या सिम्फनी वादकांकडून तो वाजवून घेतला. मराठी चित्रपटाचा आवाका पाहता हा खर्च चैनीचा वाटेल. आणि तो कशासाठी? एका पारध्याच्या, मासे धरणाऱ्या घरातल्या पोराला पाटलाची पोरगी दिसली, म्हणून.

यातलं बंड आपल्या पटकन लक्षात येत नाही, कारण ते शब्दांत नाही. मराठी चित्रपटात बराच काळ एक अघोषित वाटणी होती. गावाला ढोलकी-तुणतुणं, बंगल्यातल्या प्रेमाला व्हायोलिनचा ताफा. खालच्या वस्तीतलं प्रेम असलंच तर विनोदाला किंवा लावणीच्या इशाऱ्याला. त्याला भव्यता नव्हती. अजय-अतुल यांनी ती दिली. त्यांच्या गुरुस्थानी इलैयाराजा. तमिळनाडूतल्या पन्नैपुरम या खेड्यातून आलेल्या या माणसानं १९७६ च्या ‘अन्नकिळी’पासून रानातली चाल आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ यांचा संसार थाटून दाखवला होता. ‘जोगवा’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवणाऱ्या गोगावले बंधूंनी ती रीत मराठी मातीत रुजवली. ‘सैराट’मध्ये तिला तिचा खरा वापर सापडला. शिवारातल्या विहिरीत उडी मारणाऱ्या काळ्यासावळ्या पोराच्या मागं जेव्हा पूर्ण सिम्फनी उभी राहते, तेव्हा त्याच्या जीवाचं मोल पडद्यावर बोलून न दाखवता ठरवलं जातं. आणि ‘आताच बया का बावरलं’मध्ये तोच मान आर्चीला मिळतो. बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी ही पोरगी कुणाच्या तरी कवितेचा विषय होऊन बसत नाही. तिला स्वतःला काय वाटतंय ते श्रेया घोषाल यांच्या आवाजात, तितक्याच ऐसपैस वाद्यमेळात, तीच सांगते.

इथं एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. प्रतिष्ठा द्यायला हॉलीवूडचीच तंतुवाद्यं का लागावीत? आपली हलगी का नाही? सोलापूर जिल्ह्यात कुस्तीचा फड हलगीशिवाय पेटत नाही, यात्रा हलगीशिवाय सरकत नाही. प्रश्न वाद्याच्या मानाचा असता तर हलगीला मान आहेच. हलगी वाजवणाऱ्या मातंग समाजातल्या माणसाला तो मान किती मिळाला, ते गावोगाव जाऊन पाहावं. पिढ्यान् पिढ्या सगळं गाव हलगीवर नाचलं आणि वाजवणाऱ्याचं घर गावाबाहेरच राहिलं. म्हणजे ‘झिंगाट’चं जे झालं ते या मुलखाला नवं नाही. नाचणारा आणि वाजवणारा यांच्यामध्ये जी रेघ असते ती ठेक्यानं पुसली जात नाही, हे आपल्याला शेकडो वर्षं ठाऊक आहे. म्हणूनच हलगीनं ते काम झालं नसतं. जी वाद्यं कधी या वस्तीत आलीच नव्हती ती तिथं आणणं, यातच त्या कृतीचं मोल होतं. याच सोलापुरातले रामजोशी ब्राह्मण घरातून, संस्कृत विद्येसह, तमाशाच्या फडावर उतरले होते. वरचं खाली आलं की काय खळबळ होते ते या शहरानं अठराव्या शतकातच पाहिलंय. ‘सैराट’नं उलटा प्रवास केला. खालचं जसंच्या तसं ठेवलं आणि वरचं त्याच्या चाकरीला लावलं.

हे मोल सुरांत भिनलेलं नसतं, ते सूर कुणाच्या अंगावर घातलेत त्यावर ठरतं, याचा पुरावा दोनच वर्षांत मिळाला. जुलै २०१८ मध्ये ‘सैराट’चा हिंदी अवतार ‘धडक’ आला. संगीतकार तेच. ‘झिंगाट’ होतं, ‘याड लागलं’ची चालही होती, शब्द हिंदीत अमिताभ भट्टाचार्य यांचे. गोष्ट उदयपूरच्या हवेल्यांत गेली, देखणे चेहरे, रंगीत कपडे. जात इतकी फिकी झाली की शोधावी लागे. तंतुवाद्यं तीच वाजली आणि काहीच घडलं नाही. व्हायोलिनचा ताफा राजवाड्यात परत गेला, जिथं तो नेहमीच होता. चाल एकच असूनही एका ठिकाणी ती हक्काची मागणी होती आणि दुसऱ्या ठिकाणी सजावट.

म्हणून ‘सैराट’च्या संगीताचं स्वागत कसं झालं, हे विचारताना आधी विचारावं लागतं, कुणाकडून? ज्यांच्याकडे ढोलकीपासून व्हायोलिनपर्यंत सगळं आधीच होतं, त्यांना चार छान गाणी मिळाली. ज्यांच्याकडे प्रेमासाठी भव्य आवाज नव्हता, त्यांना तो मिळाला. जेऊर, करमाळा, अकलूज या पट्ट्यातली, कॅमेऱ्यासमोर कधी न उभी राहिलेली पोरं त्या आवाजात सगळ्या महाराष्ट्रानं पाहिली. अकलूजच्या रिंकू राजगुरूच्या कामाची राष्ट्रीय पुरस्कारांत खास दखल घेतली गेली. पहिल्या प्रकारच्या श्रोत्याचं मन बदललं नाही म्हणून दुसऱ्या प्रकारच्या श्रोत्याला मिळालेलं काही खोटं ठरत नाही. आपली समीक्षा मात्र पहिल्याचीच काळजी करत बसते. अत्याचार करणारा सुधारला का, हा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण तो न्यायालयाला, शाळेला, ग्रामपंचायतीला, सरकारला विचारायचा. महाराष्ट्राच्या विधिमंडळानं सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा संमत केला तोही एप्रिल २०१६ मध्येच. जातपंचायतीला आवर घालणं हे त्या कायद्याचं काम. ते होत नसेल तर त्याचा जाब ‘झिंगाट’कडे मागण्यात अर्थ नाही.

यावर कुणी म्हणेल, मग गाण्यानं थेट बोलावंच कशाला, गोड वाजवलं की संपलं! तसं माझं म्हणणं नाही. थेट बोलणाऱ्या गाण्याची मराठीत मोठी परंपरा आहे आणि तिचा एक पाय याच जिल्ह्यात आहे. बार्शीचे शाहीर अमर शेख यांनी कामगारांच्या आणि संयुक्त महाराष्ट्राच्या सभा आपल्या आवाजावर उचलून धरल्या. वामनदादा कर्डक, पुढं संभाजी भगत यांनी जातीचं नाव घेऊन गायलं. मराठीबाहेर पाहिलं तर चेन्नईत दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकारानं ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ हा बँड उभा राहिला. जानेवारी २०१८ मध्ये त्याचा पहिला कार्यक्रम झाला. वस्तीतला ‘गाना’ हा गाण्याचा प्रकार, रॅप आणि रॉक एकत्र आणून त्यांनी आरक्षणापासून गटारात मरणाऱ्या माणसापर्यंत सगळं गाण्यात घातलं. असं गाणं वरातीत वाजत नाही. त्यावर चुकीचा माणूस नाचत नाही, कारण तो थांबतच नाही. कोबेनला हवी होती ती गाळणी इथं आहे, पण ती आवाजाच्या खरखरीतून आलेली नाही, नाव घेण्यातून आलेली आहे.

तेव्हा गाणाऱ्यापुढे दोन रस्ते आहेत. नाव घेऊन गावं आणि आपल्या माणसांत ताकद भरावी. किंवा नाव न घेता गावं, सगळ्यांच्या घरात शिरावं आणि तिथं आपली अर्धीच गोष्ट राहील हे स्वीकारावं. पहिला रस्ता शुद्ध आणि दुसरा तडजोडीचा, असं मानायची आपल्याकडे सवय आहे. ती सोडायला हवी. मंजुळे यांनीच पुढं ‘झुंड’मध्ये (२०२२) तिसरी वाट दाखवली. तिथंही अजय-अतुल, तिथंही डीजे, तिथंही अंग मोडून नाच. पण तो नाच आंबेडकर जयंतीचा आहे. नागपूरच्या वस्तीतली पोरं बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर नाचतात, आणि तिथं नाचणारा आणि नाचाचा धनी एकच आहे. सोलापूर शहरात १४ एप्रिलच्या मिरवणुकीत उभं राहिलं की ‘डीजेनं तरुणाई बिघडवली’ या वाक्यात कुणाचा किती आवाज मिसळलाय ते जरा वेगळं ऐकू येतं. कानठळ्यांचा त्रास खरा आहे, म्हाताऱ्यांच्या छातीत धडकी भरते हेही खरं. पण आनंद मोठ्यानं करण्याचा हक्क कुणाला होता आणि कुणाला नव्हता, हा इतिहासही तितकाच खरा आहे.

‘सैराट’च्या अल्बमवर आक्षेप घ्यायचाच असेल तर तो नाचाबद्दल नको, अपुरेपणाबद्दल हवा. आर्ची आणि परश्या पळून गेल्यावर आपल्या संगीतानं त्यांची साथ सोडली. चित्रपटाला ती शांतता हवी होती, ती त्याची गरज होती. पण आपल्या गाण्यांच्या जगात एरवीही तिथं शांतताच असते. डोशाच्या गाडीवरचं पहिलं उत्पन्न, परक्या भाषेत मागितलेलं पाणी, रागानं उचललेला हात आणि नंतरची शरम, आईला लपून केलेला फोन, भाड्याच्या खोलीत पाटलाच्या पोरीनं शिकलेला स्वयंपाक: जातीबाहेर लग्न केलेल्या जोडप्यांचं सारं आयुष्य या गोष्टींत जातं, मरण्यात जात नाही. अशी जोडपी सोलापुरात आहेत, पुण्यात आहेत, हैदराबादेत आहेत. बहुतेक जगतात, पोरं वाढवतात, भांडतात, कर्ज फेडतात. आपल्याकडे त्यांचं प्रेम जमेपर्यंतची गाणी आहेत आणि त्यांच्या खुनाच्या बातम्या आहेत. मधलं काही नाही. श्रोत्याला मध्यंतराला उठून जाता येतं ते याचमुळे. पुढं ऐकण्यासारखं त्याला कुणी काही दिलेलंच नाही.

ते देणं सिम्फनीच्या खर्चाचं काम नाही. एक गिटार, एक हलगी, एक साधा ध्वनिमुद्रणाचा संच आणि हैदराबादच्या दिवसांवरची आठ-दहा गाणी एवढ्यात ते होईल. तो अल्बम वरातीत वाजणार नाही, पहिल्या क्रमांकावरही जाणार नाही. पण सोलापूरच्या एखाद्या पोरा-पोरीनं तो केलाच, तर आपण त्याच्या खपाचा आकडा विचारू नये आणि त्यानं समाज बदलला का हेही विचारू नये. जातीबाहेर लग्न करून परमुलखात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या दोघांनी तो रात्री लावला का, एवढंच विचारावं.